तारखांच्या गठ्ठ्याखालचा घाट

बाबा, मी तुमचं ते गाव पाहून आले. आपलं नरखेडकडचं नव्हे. तिथे एसटी जाते आणि पाहायला तुमचे चुलतभाऊ आहेत. मी म्हणते ते पडद्यावरचं गाव. नदी, नदीवर दगडी पूल, पुलावर दोन्ही बाजूंनी उभे पुतळे, पुलाच्या टोकाशी काळा टोकदार बुरूज आणि मागे लाल कौलांची दाटी. नागपुरात सदर भागातल्या फोटो स्टुडिओमागच्या अंगणात भिंतीला मांजरपाट ताणून तुम्ही महिनाभर जे रंगवत होतात, तेच. त्याला प्राग म्हणतात. लंडन नव्हे, आणि स्वित्झर्लंड तर नव्हेच. तुम्ही आणि स्टुडिओवाले काका गिऱ्हाइकाचं तोंड पाहून त्या गावाचं नाव ठरवायचात. नवं जोडपं आलं की पॅरिस, रिटायर झालेले साहेब आले की लंडन, आणि कोणी फारच खोलात शिरलं की "तिकडलंच आहे एक." आता नाव पक्कं झालं आहे, पण ते सांगायला तुम्ही नाही, काका नाहीत आणि स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. मी स्वतः शाळेतून रिटायर झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटलं. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर कॅलेंडर कुठलं आणि पडदा कसला, इथून सुरुवात करावी लागते.

पण ती सुरुवातही मला एकदा नीट करायचीच आहे, कारण त्यात माझी एक गोष्ट अडकली आहे. तुमचा धंदा पाट्यांचा. सदरमधल्या अर्ध्या दुकानांच्या डोक्यावर तुमचं अक्षर होतं आणि आई लांबूनच बोट दाखवून सांगायची, हे तुझ्या बापाचं, ते दुसऱ्याचं. पडदा तुम्ही जन्मात एकच रंगवला. काकांच्या डोक्यात कोणीतरी भरवून दिलं होतं की ताजमहालासमोर आता कोणी फोटो काढत नाही, लोकांना फॉरेन पाहिजे. त्यांच्या भिंतीवर एका औषधाच्या एजंटानं दिलेलं कॅलेंडर होतं. वर मोठं एकच चित्र आणि खाली बरोबर मधोमध बारा महिन्यांच्या पानांचा गठ्ठा चिकटवलेला. म्हणजे पुलाच्या पहिल्या कमानीखाली, जिथे पाणी काठाला लागतं, तिथे नेमका जानेवारी. तुम्ही चित्रावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी पडद्यावर गेरूच्या दोरीनं मोठ्या मारल्या आणि एकेक चौकट करत अख्खं गाव उतरवलं. सहा चौकटी तेवढ्या रिकाम्या राहिल्या. काका गठ्ठ्याला हात लावू देईनात, कारण वर्षभराची सगळी बुकिंगं त्यांनी त्या पानांवर लिहिलेली, कोणाचं लग्न, कोणाचं बारसं. "डिसेंबर सरू द्या, पेंटरसाहेब, मग तुमचाच आहे तो," असं म्हणाले. पडदा मात्र त्यांना लग्नसराईच्या आत पाहिजे होता.

चार दिवस तुम्ही त्या सहा चौकटींसमोर विड्या ओढत बसलात. मग तुमचं ठरलं. नदी आहे, काठ आहे, म्हणजे घाट असणारच. घाट आहे म्हणजे कोणीतरी धुणं धूत असणारच. तुम्हाला तिसरं काही सुचलंच नाही. तुम्ही पायऱ्या काढल्या, त्यावर पाठमोरी बाई बसवली, तिला गोरी केली, झगा घातला, डोक्याला रुमाल बांधला. एक कोपरा उरला तिथे फळांनी लगडलेलं संत्र्याचं झाड लावलं. झग्यानं आणि रुमालानं काही लपलं नाही. ती बसायची ढब आणि धुणं धोपटायची मोगरी उचललेला डावा हात आईचा होता. अख्ख्या गल्लीनं ओळखलं. आई स्वतः येऊन पाहून गेली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "फॉरेनमंदी बी मीच धुनं धुवू काय?" तुम्ही ब्रश धुवत होतात. तुम्ही म्हणालात, "तुह्यासारखं दुसरं कोनी धुतच नाही वं." ती फणकाऱ्यानं निघून गेली, पण त्यानंतर सदरला मिरचीचंही काम निघालं की ती स्टुडिओवरून जायची आणि सोबतच्या बाईला म्हणायची, थांब जरा, आत गर्दी आहे का पाहू. गर्दीशी तिचा काय संबंध होता, हे त्या बायांनाही कळायचं.

आणि आता माझं. मी आठवीत आहे. भूगोलात पहिली येते आणि ते सगळ्या जगाला माहीत असलं पाहिजे असं मला वाटतं. तुमचा डबा घेऊन स्टुडिओत आले आहे. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतलं एक नवं जोडपं पडद्यासमोर उभं आहे, नवरा इंजिनीअर, नवरीच्या हातातला चुडा अजून नवाकोरा दिसतो. काका त्यांना सांगताहेत, पॅरिस. आणि मी दारातून मोठ्यानं म्हणते, "तिकडे नदीवर कोणी कपडे धूत नाही. आणि तिकडच्या थंडीत संत्रं जगत नाही." इंजिनीअर खदखदून हसला. नवरीचं तोंड उतरलं, ती म्हणाली, मी धोबिणीसमोर उभी नाही राहणार. त्यांनी फोटो साध्या निळ्या पडद्यासमोर काढला. तुम्ही आतून हात पुसत आलात आणि सगळ्यांदेखत मला विचारलंत, "तू पाहून आली काय वं?" मी म्हटलं, पुस्तकात आहे. तुम्ही म्हणालात, "पुस्तकवाला पाहून आला काय?" मी डबा तिथेच आपटून घरी आले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक जुना ॲटलास घेऊन आलात. पुठ्ठा नव्हता, अर्धा ऑस्ट्रेलिया वाळवीनं खाल्ला होता. माझ्या पुढ्यात ठेवलात आणि म्हणालात, "यात दाखव मले, घाट कुठी नाही ते." मी दोन दिवस शोधलं. नकाशात घाट दाखवत नाहीत, त्यामुळे नसलेलाही दाखवता येत नाही, हे मला पहिल्या तासातच कळलं होतं, पण हार मानणं माझ्या रक्तात नव्हतं आणि ते रक्त कोणाचं हे तुम्हाला माहीत आहे. तो ॲटलास घेऊनच मी पुढे भूगोलाची बाई झाले. पण त्याच आठवड्यात काकांनी तुम्हाला हळूच सांगितलं, पेंटरसाहेब, तेवढं घाटाचं पाहा. तुम्ही वाद घातला नाहीत. एका दुपारी जाऊन पायऱ्या पुसल्या, झाड पुसलं, आई पुसली आणि त्या जागी एक कठडा आणि फुलांच्या कुंड्या काढून आलात.

आईला कळलं तेव्हा ती एवढंच बोलली आणि मग चार दिवस तुमच्याशी अबोला धरला. "धुनं धुवाले बसवलं तं बसवलं. आता पुसूनच टाकलं मले. काहून पुसलं?" चार दिवस तुमच्या ताटातल्या भाजीत मीठ नव्हतं. माझ्या ताटात ती वरून चिमूटभर टाकायची. तुम्ही ते अळणी जेवण निमूट जेवत होतात आणि समोर बसून मी खारं खात होते, कारण हे कोणामुळे झालं ते तुम्ही तिला सांगितलंच नाही. "काकाले पसंत नव्हतं," एवढंच म्हणालात. ती गेली तोवर तिला तेच माहीत होतं. मीही सांगितलं नाही, बाबा. लाज वाटत होती आणि मीठही हवं होतं.

डिसेंबर सरला तेव्हा तुम्ही मला घेऊन स्टुडिओत गेलात. काकांनी गठ्ठा ओढला. तो डिंकानं असा चिकटलेला की त्याच्यासोबत चित्राचा कागदही निघून आला आणि खाली नुसता पांढरा चौकोन. तिघंही त्या चौकोनावर वाकलो. तुम्ही म्हणालात, "घाटच असन." मी म्हटलं, नसेल. त्यानंतर हा विषय आपल्यात निघाला नाही, पण पन्नास वर्षं होत आली तरी तो चौकोन काही माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही.

तुमची नात, जी तुम्ही गेल्यावर झाली, ती नोकरीसाठी प्रागला गेली. कॉम्प्युटरचं काहीतरी करते, मला समजत नाही आणि तिनंही समजावणं सोडलं आहे. पोचल्यावर तिनं मोबाइलवर एक फोटो पाठवला, आई बघ, माझ्या ऑफिसला जायचा रस्ता. मी कणीक मळत होते. तसाच कणकेचा हात लावून फोटो मोठा केला. तोच पूल, तेच पुतळे, तोच बुरूज. मी ओरडले तसे तुमचे जावई बाथरूममधून अर्ध्या दाढीनं धावत आले. त्यांना वाटलं, पोरीला काही झालं. मी म्हटलं, काही नाही, जानेवारीच्या खाली काय आहे ते पाहायला जायचं आहे. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

तर मे महिन्यात गेलो. नातीचा बेत असा की एका दिवसात सगळं दाखवायचं, सकाळी चित्रांचं संग्रहालय, मग जेवण, मग घड्याळ, आणि पूल शेवटी, कारण तिथे संध्याकाळचा उजेड चांगला असतो. मी म्हटलं, पूल आधी. ती म्हणाली, आई, तो पूल सातशे वर्षं उभा आहे, चार तास थांबेल. मी पर्स उघडून नरखेडच्या मावशीच्या लग्नाचा फोटो आहे का ते पाहून घेतलं. तुमच्या पडद्याचा, पुसण्याच्या आधीचा, तेवढा एकच फोटो उरला आहे. मावशीच्या नवऱ्याच्या बुटानं आईचा अर्धा झगा झाकला आहे, पण मोगरीचा हात दिसतो.

संग्रहालयात तुमचे जावई दर खोलीतल्या बाकावर आधी जाऊन बसायचे आणि मग मान वळवून जेवढं दिसेल तेवढं पाहायचे. मला तिथली सगळी जुनी चित्रं त्याच पुलाची असतील असं वाटलं होतं. होती चार-पाच. पण एकात पूल पलीकडच्या बाजूनं काढलेला, एकात धुकं, आणि ज्यात आपली बाजू होती त्यात पहिल्या कमानीखाली चित्रकारानं नेमकी गवतानं भरलेली होडी आणून उभी केलेली. मी वाकून होडीच्या मागे पाहायला गेले तशी कुठूनतरी टूं टूं वाजायला लागलं आणि गणवेशातल्या एक बाई बोट हलवत आल्या. तुमचे जावई बाकावरूनच म्हणाले, "अवं, होडी काय तुह्या पाहन्यानं सरकते?" नातीनं तेवढ्यात आपण त्यांचे कोणीच नाही असा चेहरा केला होता. पण पुढच्या खोलीत काचेखाली एक कागद होता, बाबा. कोण्या मोठ्या चित्रकारानं मोठं चित्र काढायच्या आधी केलेला कच्चा कागद, आणि त्यावर चौकटी आखलेल्या. पेन्सिलीच्या, थोड्या तिरक्या, कोपऱ्यात आकडे घातलेल्या, तुम्ही घालायचात तशाच. मला तिथे रडू आलं. नात म्हणाली, आई, दमलीस का? मी म्हटलं, हो.

जेवायला तिनं एका तळघरातल्या खानावळीत नेलं. गुलाश म्हणून मटणासारखं काहीतरी, आणि त्यासोबत उकडलेल्या पावाच्या जाड चकत्या. तुमच्या जावयांना सावजी मटणाशिवाय दुसरं मटण मटण वाटत नाही, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "सावजी रस्सा तापातून उठला तं असा लागन." मग खिशातून लाल तिखटाची पुडी काढली. नात म्हणाली, पप्पा, प्लीज, इथे असं करत नाहीत. त्यांनी टेबलाखालून हात नेऊन केलं. वाढणाऱ्या माणसानं ताटाचा बदललेला रंग पाहिला आणि स्वयंपाकघरात जाऊन आणखी एकाला बोलावून आणलं. त्या दोघांना तुमच्या जावयांनी चव दाखवली. एक जण पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही, दुसऱ्यानं पुडीच मागितली. या सगळ्या गडबडीत माझ्या ओढणीवर रस्सा सांडला, चांगला वीतभर डाग. नात म्हणाली, राहू दे, घरी मशीनला टाकू. ही ओढणी लक्षात ठेवा.

घड्याळाचं फार सांगत नाही. चौकात शेदोनशे माणसं माना वर करून उभी होती. ठोक्याला वरच्या दोन खिडक्या उघडल्या, लाकडी बाहुल्या फिरून गेल्या, कोंबडा एकदा केकाटला आणि संपलं. तुमचे जावई विचारत होते, "एवढंच?" आणि त्यांच्या बाजूचा परका माणूस आपल्या भाषेत आपल्या बायकोला बहुधा तेच विचारत होता. येताना त्यांनी बाजारातून संत्री घेतली. आयुष्यभर नागपुरात राहिलेल्या माणसानं प्रागला जाऊन संत्री का घ्यावीत, हे मी विचारलं. म्हणाले, "पाहू तं द्या, किती पान्यात आहेत." एक सोलून खाल्लं आणि चेहऱ्यावर जे समाधान आलं ते गोडीचं नव्हतं.

मग पूल. मी मावशीचा फोटो हातात धरून काठाकाठानं मागे मागे सरकत होते, पुलाची पहिली कमान आणि बुरूज फोटोतल्यासारखे बसेपर्यंत. बसले. आणि पाहते तो बुरुजाचा चेहरा जरा हलतो आहे. वाऱ्यानं फुगतो आणि परत चपटा होतो. बाबा, बुरुजाची दुरुस्ती चालली होती आणि तिथल्या लोकांनी बांबूच्या परांचीवर, म्हणजे त्यांच्या लोखंडी परांचीवर, वरपासून खालपर्यंत कापड ताणून त्यावर हुबेहूब तोच बुरूज छापला होता. खिडक्या, दगड, सावल्या, सगळं. लोक त्या पडद्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. तुमचे जावई मान वर करून म्हणाले, "इथी बी सासऱ्याच्या धंद्यातला मानूस आहे वाटते." मला असं हसू सुटलं की मला काठावरच्या दगडावर बसावं लागलं. तुम्ही असतात तर मात्र हसला नसतात. जवळ जाऊन खिडक्यांच्या सावल्या एकाच बाजूला पडल्या आहेत की नाही ते तपासलं असतंत.

आणि मग मी खाली पाहिलं, जिथे जानेवारी होता तिथे. बरोबर त्या जागी एक कठडा होता आणि कठड्यावर फुलांच्या कुंड्या. एका हॉटेलनं उघड्यावर टेबलं मांडली होती. तुम्ही आईला पुसून जे काढलं होतंत, अगदी तेच, कुंड्यांसकट. म्हणजे आठवीतली मी बरोबर होते. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. इतकी वर्षं मी मनात त्या पांढऱ्या चौकोनाच्या जागी घाटच पाहत होते, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं. मग कुंड्यांच्या पलीकडे माझं लक्ष गेलं. कठडा जिथे संपत होता तिथून दगडी पायऱ्या पाण्यात उतरत होत्या. आठ-दहाच, अरुंद, शेवटच्या दोन पाण्याखाली, आणि तिथे हंस फिरत होते. घाट म्हणावं तर घाट, नाही म्हणावं तर होडीवाल्यांची उतरायची जागा. आठवीतली मी म्हणाली असती, हे घाटात मोडत नाही. तुम्ही म्हणाला असतात, पायऱ्या आहेत, पाणी आहे, आणखी काय पाहिजे वं तुले?

एकच पाहिजे होतं. मी चपला वर काढल्या आणि ओढणी घेऊन उतरले. गुडघ्यांनी शिव्या दिल्या. हंसांना वाटलं, पाव आणला, ते फुसफुसत जवळ आले, मी त्यांना हाकललं. पाणी असं गार की बोटं कळेनाशी झाली. पदर खोचावा तसा कुर्ता खोचला, पाठमोरी बसले आणि ओढणी बुडवून घासायला लागले, आणि मग एकदा, खरं सांगते, उचलून दगडावर आपटली. डाव्या हातानं. मीही डावखुरीच आहे, तुम्हाला आठवतं ना, तुम्ही पाटीवरची पेन्सिल उजव्या हातात द्यायचात आणि मी हात बदलून घ्यायचे. त्या आपटण्याचा आवाज कमानीत घुमला. पुलावरच्या कठड्यावर एक अख्खी टूर ओणवी झाली आणि फटाफट फोटो काढू लागली. वरून नात धावत आली, तोंड लाल झालेलं. "आई! काय करून राहिली तू? वर ये! इथे नदीवर कोणी कपडे धूत नाही!"

अगदी त्याच शब्दांत, बाबा. तिला पडद्याचं सगळं सांगितलं आहे, पण मी तेव्हा काय म्हणाले होते ते तिला कधीच सांगितलेलं नाही. मी मागे वळून पाहिलं नाही. म्हटलं, "धुऊन राहिली ना एक बाई. दिसत नाही काय?" आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, अगदी आईच्या चालीत, "फॉरेनमंदी बी मीच धुनं धुवू काय?" तुमचे जावई वरच्या पायरीवर उभे राहून संत्रं सोलत होते. ते हसायला लागले. मग तीही हसायला लागली, हसत हसत पुलावर गेली आणि तिनं तिथून फोटो काढला.

तो फोटो आता माझ्यासमोर आहे. पूल, पुतळे, कापडाचा बुरूज, लाल कौलं, खाली पायऱ्या आणि त्यावर पाठमोरी बसलेली बाई, डावा हात वर. तिच्या बाजूला उभ्या माणसाच्या हातात नारिंगी ठिपका आहे. झाड नाही, तेवढ्यापुरती मी अजूनही बरोबर आहे, पण ते संत्रं मी तिथे आणून ठेवलं नव्हतं, ते आपलं आपण आलं. नातीनं फोटो मोठा करून दिला आहे. एक आईच्या फोटोखाली लावला. लावताना तिला म्हटलं, आई, काकाला पसंत नव्हतं असं नाही, मी बोलले होते. पन्नास वर्षांनी सांगितलं. मग रात्रीच्या भाजीत माझ्याकडून मीठच पडलं नाही. तुमचे जावई विचारत होते, मी म्हटलं, आज असंच जेवा.

दुसरा फोटो या पत्रासोबत ठेवते. पत्र कुठे टाकायचं ते तुम्ही सांगून गेला नाहीत, त्यामुळे ते तुमच्या ॲटलासमध्येच जाईल, चेकोस्लोव्हाकियाच्या पानात. त्यात प्राग अजून त्याच देशात आहे. तुम्ही जिंकलात, असं मी सगळ्यांना सांगते आहे. गल्लीत, शाळेतल्या मैत्रिणींना, नरखेडच्या मावशीला फोनवर. घाट आहे, बाई धुणं धुते, फोटो पाहा. सगळे पाहतात आणि मानतात.

तुम्हाला तेवढं एक सांगून ठेवते. हॉटेलच्या कुंड्यांजवळ नळ होता, बाबा. चालू नळ, खाली दगडी कुंडी, ओढणी तिथेच धुता आली असती. पायऱ्या उतरायच्या आधीच मी तो पाहिला होता.